उबंटूवर एसएसएच चालू केलं, पोर्टने मात्र घाम काढला

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये माळ्यावर उबंटू 24.04 (लिनक्स) चा डेस्कटॉप आहे, ड्रॉइंगच्या फायली सगळ्या त्यावरच, आणि खालून लॅपटॉपवरून एसएसएच (एका मशीनवरून दुसऱ्यात लॉगिन करायची सोय) मारलं की सरळ 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. कारण काय तर डेस्कटॉपवाल्या उबंटूत क्लायंट आधीपासून असतो पण सर्व्हर नसतो, तो आपणच टाकायचा. सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर, बास, दोन मिनिटांचं काम.

खरी कटकट पुढेच. पोर्ट (ज्या नंबरवर एसएसएच कनेक्शन घेतं तो) 22 चा 2222 करायचा होता, एसएसएचडी-कॉन्फिग फाईलमध्ये बदलला, सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी गडी 22 वरच ठाण मांडून! नव्या उबंटूत पोर्ट धरून ठेवतं ते एसएसएच डॉट सॉकेट, म्हणून आधी सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड आणि मग ते सॉकेट रिस्टार्ट, तेव्हा कुठे हललं. फायरवॉल चालू असेल तर यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूची फायरवॉल) पण 2222 उघडा. नंतर लॅपटॉपवर एसएसएच-कीजेनने की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) बनवली, एसएसएच-कॉपी-आयडीने ती डेस्कटॉपला दिली, कीने लॉगिन होतंय बघून मगच पासवर्डने लॉगिन बंद केलं (हा क्रम उलटा करू नका राव). आणि पॉवर सेटिंगमधलं ऑटोमॅटिक सस्पेंड पण बंद करून टाका, मशीन झोपलं की कनेक्शनच लागत नाही.