कलम वाचून अर्ज कसा लिहावा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या पालकांना मराठी शाळेसाठी शिक्षक मागायचा झाला, की अर्जाचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'सीमाभागातील मराठी जनतेवर वर्षानुवर्षे अन्याय...' ते खोडा. खरं असलं तरी खोडा. मी वकील नाही, निवृत्त मास्तर. पण असे अर्ज लिहून देत आलोय.

घटनेचं कलम ३५०-अ काढा, आणि इंग्रजी पाठ समोर ठेवा. आधी कर्ता शोधा. 'प्रत्येक राज्य आणि राज्यातलं प्रत्येक स्थानिक प्राधिकरण', म्हणजे नुसतं बेंगळुरू नव्हे. मग सक्ती कशावर आहे ते बघा. कलम 'शाळा द्याच' म्हणत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करा, म्हणतं. प्रयत्न मात्र बंधनकारक. तेव्हा 'शिक्षक द्या' एवढ्यावर थांबू नका, 'काय प्रयत्न केलात?' हेही विचारा.

आता 'पुरेशा' म्हणजे किती? इथंच खरी झटापट. हार्ट या इंग्रज कायदेपंडितानं १९५८ साली उदाहरण दिलं: बागेत वाहनांना बंदी. मोटार नाही, हे उघड. पण खेळण्यातली गाडी? शब्दाचा गाभा स्पष्ट असतो, कडा धूसर. कडेवर अडलात की हेतू विचारा. इंग्लंडात १५८४ च्या हेडन खटल्यापासून ही रीत आहे: कायद्याआधी कोणती खोट होती, ती हा कायदा कशी भरून काढतो? ३५०-अ आलं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं. भाषेवर प्रांत पाडले, रेषेच्या पलीकडे माणसं उरली. ही ती खोट. बाराखडीपलीकडे न जाणारी एकशिक्षकी शाळा त्या हेतूला पुरत नाही, असं म्हणायला मग आधार मिळतो.

आमच्याकडे आणखी एक पेच. पश्चिमेकडच्या गावांत घरात कोकणी बोलतात, मुलं मराठी शाळेत. मातृभाषा कुठली? २०१४ साली कर्नाटक सरकारच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की ते पालक ठरवतील. खटला इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा होता (आमच्या मराठी शाळांना याच शाळा रिकाम्या करतात, तो भाग वेगळा), पण वाक्य आपल्या कामाचं.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मंजूर पदं किती, भरलेली किती, मागणी वर कधी पाठवली. फी १० रुपये. कर्नाटकात असा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत लागतो, म्हणून भाषणाला जागाच नाही.