ग्रुपचे अ‍ॅडमिन झालात? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे प्रत्येक गल्लीचा, मंडळाचा, ऊसवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. अ‍ॅडमिन होण्याची हौसही दांडगी. पण मेसेज काढला की कारण सांगायचं असतं, हे दहातल्या नऊ जणांच्या गावी नसतं.

सगळ्यांत वाईट खोड म्हणजे गुपचूप डिलीट. खानापूर तालुक्यातल्या एका गावाच्या ग्रुपवर रात्री काळं फासलेल्या एसटीचा फोटो आला. फोटो जुना, खाली मात्र 'आत्ताच' असं लिहिलेलं. अ‍ॅडमिनने फोटो उडवला, टाकणाऱ्या पोरालाही काढलं आणि फोन बंद करून झोपला. फोटो उडवला ते बरोबरच. पण सकाळी डेअरीवर चर्चा सुरू: "अ‍ॅडमिन फुटला गा! कुणाचा तरी फोन आला असणार की." ग्रुपातल्या कन्नड शेजाऱ्यांना उलटंच वाटलं, खरंच काहीतरी मोठं झालंय आणि ही मंडळी दडवताहेत. दुपारपर्यंत तोच फोटो बाकीच्या ग्रुपांतून फिरून आला आणि संध्याकाळी त्या पोराने स्वतःचा वेगळा ग्रुप सुरू केला. निम्मं गाव तिकडे.

'फोटो जुना आहे, आजचा म्हणून टाकला, म्हणून काढला' एवढी ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये टाकली असती तर भागलं असतं. अ‍ॅडमिनने मेसेज काढला की कुठल्या अ‍ॅडमिनने काढला ते व्हॉट्सअ‍ॅप दाखवतं. का काढला, ते आपणच सांगायचं असतं, आणि आपल्याकडे 'का'ची जागा रिकामी दिसली की लोक तिथे सीमाप्रश्न भरतात.

माझी पद्धत साधी आहे. आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट, लगेच ग्रुपवर कारण, नंतर त्या माणसाला वेगळा फोन. तो तरीही अडून बसला तर निर्णय दुसऱ्या अ‍ॅडमिनने घ्यायचा, मी नाही. मराठी विकिपीडियावर प्रचालकाने, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनने, पान वगळलं तरी कुणी, कधी आणि का, ही नोंद कुणालाही उघडून बघता येते. सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीने स्वतःहून मजकूर काढला, तर ज्याचा मजकूर आहे त्याला कारण कळवावं लागतं, त्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. हे नियम गल्लीच्या अ‍ॅडमिनला लागू नाहीत, पण कंपन्यांना जे जमतं ते तुम्हाला जड का जावं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पोलीस केस माझ्यावर येईल, मला वेळ कुठाय?" मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. तुमचा त्यात हात नसावा, एवढंच. हे निकाल कर्नाटकाबाहेरचे आहेत, म्हणून बेफिकीर राहू नका. पण भीतीने घाईघाईत डिलीट केलं तरी कारण लिहायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी खोड कुलपाची. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब कुणी विचारला रे विचारला की 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' चालू! ही सोय अफवा पसरत असताना ग्रुप थोपवायला आहे, खजिनदाराची अडचण झाकायला नाही. कुलूप लावायचंच तर का लावलं आणि कधी उघडणार, दोन्ही सांगा. १ नोव्हेंबरला एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवशी ग्रुप बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूचे ही चौकशी होणार नाही.

बाकीच्या किरकोळ. रुसेल म्हणून प्रत्येकाला अ‍ॅडमिन करू नका; मग कुणी काय काढलं त्याचा जाब कुणालाच विचारता येत नाही. नियम व्हॉइस मेसेजमध्ये सांगू नका, ग्रुपच्या माहितीत दोन्ही भाषांत लिहा. भावकीतल्या माणसाला सवलत नको. कारण सांगा म्हणजे चारचौघांत अब्रू काढा असं नव्हे. आणि नवे अ‍ॅडमिन पहिल्याच आठवड्यात 'मेसेज आपोआप उडवणारं काही अ‍ॅप आहे का सर?' विचारतात, त्यांनी आधी महिनाभर ग्रुप नुसता वाचावा.