चित्र चोरीला गेलं तर आधी पुरावा गोळा करा, बोलायचं नंतर

बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या कौलारू घराचं चित्र मी जलरंगात केलं होतं. दाराला तोरण, चौकटीच्या एका अंगाला शेंदरी अक्षरांत ‘शुभ’, दुसऱ्या अंगाला ‘लाभ’, पायरीला टेकवलेली सायकल. फेसबुकवर टाकलं आणि विसरले. तीन महिन्यांनी तेच घर एका मोठ्या मराठी पेजवर दिसलं, वर आजोळच्या आठवणींच्या चार ओळी. खालची सही कापलेली होती आणि चित्र आरशात बघावं तसं उलटं फिरवलेलं होतं. फिरवणाऱ्याचं ‘शुभ लाभ’कडे लक्षच गेलं नव्हतं. दोन्ही शब्द उलट्या अक्षरांत होते, आणि ‘शुभ’ उजवीकडे गेलं होतं.

मी तिथंच खाली रागारागाने कॉमेंट लिहिली. दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं. पोस्ट मला दिसेना. लिंक मी घेतलेली नव्हती. मैत्रिणीने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ना पेजचं नाव होतं, ना तारीख. रात्री त्यांनी पोस्ट काढली, पुढच्या आठवड्यात नव्या ओळींसह परत टाकली. पुढे ते चित्र आमच्या गल्लीच्या तोंडावर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही चढलं. फ्लेक्स छापणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “नेटवर मिळालं की, मॅडम. नेटवरचं सगळ्यांचंच असतंय की.”

तसं नसतं. त्यानंतर मी स्वतःच्या आणि बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ओळखीच्या चित्रकार-फोटोग्राफरांच्या बऱ्याच तक्रारी केल्या. बहुतेक चित्रं उतरवली गेली. कसं करायचं ते सांगते. पण त्याआधी लोक देतात ते चार सल्ले डोक्यातून काढून टाका.

‘रजिस्ट्रेशन नसेल तर हक्क नाही’ हे खोटं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र तयार झालं की हक्क आपोआप तुमचा होतो. तुमच्या हयातीत तो राहतोच, शिवाय तुमच्यामागे ६० वर्षं राहतो. नोंदणीचा फायदा एवढाच की कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते. चित्रासाठी सरकारी फी ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. ज्या चित्रांच्या प्रती विकून तुमचं घर चालतं, तेवढ्यांचीच नोंदणी करा. ‘स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने चित्र पाठवून पाकीट बंद ठेवा’ हा सल्ला अजून फिरतो. त्यात पैसे घालवू नका. ‘मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही’ ही भिंतीवर चिकटवायची पोस्टही निरुपयोगी आहे. अकाउंट उघडताना मान्य केलेल्या अटी अशा पोस्टने बदलत नाहीत. आणि ‘साभार’ किंवा ‘सौजन्य : गुगल’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. नाव दिलं तरी विचारावं लागतं.

आता तुमच्या बाजूची तपासणी. चित्र खरंच तुमच्या मालकीचं आहे का? एखाद्या मंडळाने पैसे देऊन शिवजयंतीच्या चित्ररथासाठी चित्र रंगवून घेतलं किंवा फोटो काढून घेतले, आणि लेखी काहीच ठरलं नसेल, तर कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणून काम घेतानाच व्हॉट्सअॅपवर का होईना, ‘हक्क माझ्याकडे राहतील, तुम्हाला या कार्यक्रमापुरता वापर’ एवढं लिहून समोरच्याकडून होकार घ्या. दुसरं, विषयावर कुणाचा हक्क नसतो. किल्ल्यातली कमल बसदी, गोकाकचा धबधबा आणि त्याचा झुलता पूल कुणीही काढू शकतो. तुमच्यासारखं काढलं म्हणून तक्रार करू नका, तुमचंच उचललं असेल तर करा.

टाकतानाची काळजी थोडक्यात. लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेलची प्रत टाका, मूळ फाइल कधीही नाही. सही कोपऱ्यात नको, चित्राच्या आत करा, जिथं कापली तर चित्रच बिघडेल. मी आता कौलांच्या ओळीत किंवा सायकलच्या मडगार्डवर करते. फाइलच्या माहितीत नाव भरा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात की चित्र बारीक होतं आणि ती माहिती पुसली जाते. गिऱ्हाईकाला पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

शोधायचं कसं? महिन्यातून एकदा गुगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनांवर आपली निवडक चित्रं टाकून बघा. उलटी फिरवलेली प्रतही टाका. दिवाळीत किल्ल्यांचे फोटो, गणपतीत मूर्तींची चित्रं हमखास उचलली जातात, तेव्हा आठवड्याला बघा.

आता जिथं मी फसले तो टप्पा. चोरी दिसल्यापासून पहिला अर्धा तास. या अर्ध्या तासात कुणालाही काहीही बोलायचं नाही. लाइक नाही, कॉमेंट नाही, मेसेज नाही. ‘ही बघा चोरी’ म्हणून आपल्या ग्रुपवर टाकायचं तर अजिबात नाही, कारण तुमची माणसं तिकडे जाऊन भांडतील आणि पोस्ट गायब होईल. राग येणारच. माझे हात थरथरत होते. तरी थांबा.

मोबाइल बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये ती पोस्ट उघडा. घरी नसेल तर सायबर कॅफेत जा. फेसबुकवर पोस्टवरच्या तारखेवर क्लिक केलं की ती एकटी पोस्ट उघडते आणि वर तिचा स्वतःचा पत्ता येतो. तो पत्ता हवा, पेजचा पत्ता चालत नाही. ‘अमुक पेजवर माझं चित्र आहे’ अशी तक्रार केली तर शोधायची जबाबदारी कुणी घेत नाही, आणि माझी पहिली तक्रार नेमकी यावरच परत आली. इन्स्टाग्रामवर तीन टिंबांतून लिंक कॉपी होते, यूट्यूबवर व्हिडिओची लिंक आणि चित्र कोणत्या मिनिटाला दिसतं तो वेळ लिहा. एकाच पेजने पाच पोस्टमध्ये वापरलं असेल तर पाच लिंक. पेजचाही पत्ता वेगळा नोंदवा, कारण पेजची नावं बदलतात.

मग स्क्रीनशॉट. फक्त चित्राचा नको, अख्ख्या स्क्रीनचा : वरची पत्त्याची पट्टी, पेजचं नाव, पोस्टची तारीख आणि खाली कॉम्प्युटरचं घड्याळ, सगळं एका चौकटीत. काही रंगवू नका, बाण काढू नका, कापू नका. त्यानंतर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून आधी स्वतःची मूळ पोस्ट तारखेसकट उघडा, मग त्यांची. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरे. साधी वेबसाइट असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर तिचं पान जतन करून ठेवा, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या बाबतीत ते बहुधा जमत नाही.

दुसरी बाजू तुमच्या मुळाची. पेन्सिलचं कच्चं रेखाटन, रंग वाळत असताना काढलेला फोटो, प्रोक्रिएट किंवा फोटोशॉपची थरांसकट फाइल, कॅमेऱ्याची रॉ फाइल. चोराकडे ‘शुभ लाभ’ लिहिलेलं उलटं घर आहे, पण त्या अक्षरांखालची पेन्सिलची रेघ त्याच्याकडे नाही. हे सगळं तारखेच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करा.

कोर्टात जायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, भरावा लागतो. ते वकील करून घेईल. तुम्ही एवढंच करा : ज्या कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट घेतला तो तुमचा असेल तर विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि मूळ स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवरून फिरवू नका.

हा अर्धा तास नीट गेला की पुढचं सोपं आहे.

पहिला मेसेज मी साधाच करते. “नमस्कार. आपल्या पेजवर (लिंक) वापरलेलं चित्र माझं आहे. मूळ पोस्ट (लिंक). मी परवानगी दिलेली नाही. ४८ तासांत काढावं किंवा वापराच्या मोबदल्याबद्दल या पत्त्यावर कळवावं.” पोलीस, जेल, बदनामी यातलं एक अक्षरही नको. बिनबुडाच्या धमकीबद्दल समोरचा तुमच्यावर दावा करू शकतो, कॉपीराइट कायद्याचं कलम ६० त्यासाठीच आहे. छोटी पेजेस, शाळेचे ग्रुप, मंडळाची पोरं या मेसेजवरच ऐकतात, कित्येक जण माफीही मागतात. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये फिरत असेल तर अॅडमिनला फोन करा, त्यापलीकडे फार काही हातात नसतं.

उत्तर आलं नाही तर त्या प्लॅटफॉर्मचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म. पोस्टखालचं साधं ‘रिपोर्ट’ बटण दाबून ‘स्पॅम’ निवडू नका, ती तक्रार भलतीकडे जाते. फॉर्मवर खरं नाव द्यावं लागतं, आणि तुमचं नाव व ईमेल समोरच्याकडे जाऊ शकतो. म्हणून तक्रारींसाठी वेगळा ईमेल काढा, बायकांनी तर काढाच. ‘माझं काम कोणतं’ या रकान्यात गोष्ट सांगू नका. “कौलारू घराचं जलरंगचित्र, मी अमुक तारखेला काढलं, मूळ लिंक ही, त्यांची प्रत आडवी उलटी केलेली, दारावरची अक्षरं उलटी दिसतात” इतकं नेमकं लिहा. मी ‘उलटी केलेली’ हे लिहायला लागल्यापासून ‘दोन्ही चित्रं वेगळी दिसतात’ असं उत्तर आलेलं नाही. यूट्यूबवर समोरच्याने उलट दावा केला तर कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला तुम्हाला १० कामाचे दिवस मिळतात. त्यामुळे खात्री नसलेल्या चित्रावर तक्रार करू नका.

स्वतःचा फॉर्म नसलेल्या वेबसाइटला किंवा ती जिथं ठेवली आहे त्या कंपनीला लेखी तक्रार पाठवा. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ चा उल्लेख करा. त्याप्रमाणे त्यांनी ३६ तासांत ती प्रत बंद करायची असते, आणि २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते ती परत चालू करू शकतात. हे २१ दिवस विसरू नका.

‘पेज पुण्याचं, मुंबईचं, आपण कर्नाटकात, कुठं जायचं’ हे मी आपल्याकडे सतत ऐकते. कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ बघा. दावा तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात घालता येतो. पेज कोल्हापूरचं असलं तरी खटला बेळगावात चालू शकतो, आणि चोरी झाल्यापासून ३ वर्षांच्या आत घालावा लागतो. पण पाचशे रुपयांच्या चित्रासाठी मी कुणाला कोर्टात पाठवणार नाही. छापील कॅलेंडर, साड्यांची पाकिटं, विक्रीची पोस्टर असा धंदा कुणी तुमच्या चित्रावर करत असेल तर मात्र सोडू नका.

तसं असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली फौजदारी तक्रारही होते. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवायचा, आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे, तेव्हा ‘आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं तर तो निकाल वकिलाकडून छापून घेऊन जा. अर्ज कन्नडमध्ये द्या. आपली भाषा मराठी आहे आणि ती सोडायची नाही, पण ठाण्यातला लिहिणारा माणूस जे सहज वाचतो त्यावर काम लवकर पुढे सरकतं. मी मराठीत मसुदा करते, शेजारची शिक्षिका तो कन्नडात उतरवून देते, आणि सोबत स्क्रीनशॉटची छापील प्रत जोडते. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

एआयबद्दल सगळेच विचारतात. शिकागो विद्यापीठाने काढलेलं ग्लेझ हे मोफत साधन चित्रात डोळ्यांना सहसा न दिसणारे बदल करतं, जेणेकरून तुमच्या शैलीची नक्कल मशीनला अवघड जावी. साध्या कॉम्प्युटरवर ते संथ चालतं, सपाट रंगांच्या चित्रावर डाग दिसतात, आणि चित्र उचलून तसंच छापणाऱ्याला ते थांबवत नाही. मी नव्या मोठ्या चित्रांवर वापरते, जुन्यांवर नाही.

चित्र उतरलं की फोल्डर पुसू नका. त्या आजोळवाल्या पेजने माझं घराचं चित्र पहिल्यांदा उतरवल्यावर तीनदा परत टाकलं, दरवेळी रंग थोडे बदलून. चौथ्या तक्रारीत मी आधीच्या तिन्ही तक्रारींचे क्रमांक जोडले, आणि पुढच्या आठवड्यात पेजच बंद झालं.