एक मजकूर, पाच फॉरमॅट: डॉक्युमेंटेशन बिल्ड करताना या चुका टाळा

‘वेबवर सगळं झकास दिसतंय, पण पीडीएफ काढली की टेबल पानाबाहेर जातंय.’ डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या टीममध्ये ही तक्रार ठरलेली. पाठोपाठ ईपबमधून (ई-पुस्तकाचा फॉरमॅट) आकृत्या गायब होतात, मॅन पेजमध्ये (टर्मिनलमध्ये वाचायचं मदतपान) मधलेच परिच्छेद नसतात, आणि ग्राहकाला वर्ड फाइल पाठवली की त्यातली देवनागरी भलत्याच फॉन्टमध्ये उघडते. मग टूलच्या नावाने बोटं मोडली जातात. बहुतेक वेळा टूलने आपलं काम चोख केलेलं असतं. लिहिताना समोर फक्त ब्राउझर होता, एवढंच कारण असतं.

पुढची उदाहरणं मुख्यतः स्फिंक्सची आहेत, कारण एकाच मजकुरातून अनेक फॉरमॅट काढण्याचं ते रुळलेलं साधन. गेओर्ग ब्रांडल यांनी ते पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी तयार केलं आणि 2008 मध्ये बाहेर आलं. त्याआधी पायथॉनचं डॉक्युमेंटेशन थेट लेटेकमध्ये, म्हणजे छापील पानं मांडणाऱ्या टाइपसेटिंग प्रणालीत, लिहिलं जायचं. आज तेच डॉक्युमेंटेशन एचटीएमएल, ईपब, साधा मजकूर, टेक्सइन्फो अशा रूपांत उतरवून घेता येतं. पॅनडॉक किंवा आस्कीडॉक्टर ही तशीच साधनं वापरत असाल तरी चुका थोड्याफार याच.

दिसण्यासाठी लिहू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मजकुरात कच्चा एचटीएमएल घुसवणं. एखादी रंगीत चौकट हवी असते, घाई असते, ‘रॉ’ डिरेक्टिव्ह (मजकुरात लिहायची खास सूचना) टाकून दोन ओळींचा टॅग लिहिला जातो. एचटीएमएल बिल्डला, म्हणजे मजकुरातून वेबपानं बनवण्याच्या प्रक्रियेला, ते चालतं. लेटेक बिल्डर (पीडीएफसाठीचं रूप बनवणारा भाग) मात्र तो तुकडा मुकाट्याने गाळतो, कारण तो त्याच्यासाठी नव्हताच. एररही येत नाही. चौकटीतली सूचना ‘आधी बॅकअप घ्या’ अशी असेल, तर पीडीएफ वाचणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. अशा जागी ‘नोट’, ‘वॉर्निंग’ हे तयार डिरेक्टिव्ह वापरा. प्रत्येक बिल्डर त्यांना आपापल्या पद्धतीने सजवतो.

टॅबचंही तेच. लिनक्स, विंडोज, मॅक असे तीन टॅब ब्राउझरमध्ये छान वाटतात, पण ते ब्राउझरच्या जिवावर चालतात. कागदावर एक तर तिन्ही एकाखाली एक छापले जातात आणि कोणतं कशासाठी ते कळत नाही, नाही तर टॅब देणाऱ्या एक्स्टेंशनने पीडीएफचा विचारच केलेला नसतो. माझ्या मते वाचणारा पीडीएफही उघडणार असेल तर टॅब टाळावेतच. तीन उपशीर्षकं दिली की काम भागतं.

भाषेतही हे शिरतं. ‘उजवीकडच्या मेनूत पाहा’, ‘खालील चित्रात’, ‘लाल रंगातली ओळ’. पीडीएफमध्ये उजवीकडे मेनू नसतो, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल नसतो, आणि लेटेक जागेच्या हिशेबाने आकृती सरळ पुढच्या पानावर सरकवतो. कॉन्फिगरेशनमध्ये ‘नमफिग’ चालू करा आणि आकृतीचा उल्लेख ‘नमरेफ’ने करा, म्हणजे ‘आकृती 4’ असा क्रमांक आपोआप येतो आणि आकृती कुठेही गेली तरी सापडते.

‘ओन्ली’चा मोह

एचटीएमएलसाठी एक परिच्छेद आणि पीडीएफसाठी दुसरा, अशी सोय ‘ओन्ली’ डिरेक्टिव्ह देतो. एखाद-दुसऱ्या वाक्यापुरता तो ठीक आहे. पण आतला मजकूर आधी प्रत्येक फॉरमॅटसाठी वाचला जातो आणि नको तो भाग नंतर काढला जातो, हे लक्षात न घेतल्याने घोळ होतात. ‘ओन्ली’च्या आत शीर्षक किंवा टॉकट्री (प्रकरणांच्या फाइलींची क्रमवार यादी) ठेवली की विभागांची रचना बिघडते आणि अनुक्रमणिकेत भलत्या नोंदी दिसतात. आख्खं प्रकरणच एखाद्या फॉरमॅटमध्ये नको असेल तर ते कॉन्फिगरेशनच्या वगळायच्या फाइलींच्या यादीत घाला, आणि प्रत्येक बिल्डसाठी डॉकट्रीचं, म्हणजे वाचलेल्या मजकुराच्या साठवणीचं, फोल्डर वेगळं ठेवा. नाही तर कालच्या एचटीएमएल बिल्डची साठवण आजच्या पीडीएफला भोवते. काही तरी अतर्क्य वागतंय असं वाटलं तर सर्वात आधी ‘मेक क्लीन’ (जुना बिल्ड पुसणारी कमांड) करून पाहा.

वेबवर असलेलं पान पीडीएफमध्ये नसतं

यामागे बहुधा टॉकट्री असते. ज्या फाइलचा कुठल्याच टॉकट्रीत उल्लेख नाही, तिचं एचटीएमएल पान तयार होतं, सर्चमध्येही सापडतं. पीडीएफ मात्र मूळ पानापासून टॉकट्री धरत पुढे जाते, त्यामुळे ती फाइल तिच्यात येतच नाही. स्फिंक्स याची वॉर्निंग देतो, पण शंभर वॉर्निंगांच्या ढिगात ती वाचतो कोण? म्हणून बिल्ड कमांडला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय लावा. मग वॉर्निंग हीच एरर मानली जाते आणि बिल्ड नापास होतो. पहिला आठवडा सगळे वैतागतील, मग सवय होते.

वेबचा वाचक सर्चमधून येतो, त्याला प्रकरणांच्या क्रमाचं देणंघेणं नसतं. पीडीएफचा वाचक पहिल्या पानापासून निघतो. इन्स्टॉलेशनच्या आधी ट्रबलशूटिंग आलेलं पीडीएफमध्येच पहिल्यांदा डोळ्यांवर येतं.

लिंकच्या बाबतीत थोडक्यात: दुसऱ्या पानाचा पत्ता हाताने ‘डॉट एचटीएमएल’ लावून लिहू नका. पीडीएफमध्ये त्या नावाची फाइलच नसते. नेहमी त्या जागेला लेबल (खुणेचं नाव) द्या आणि ‘रेफ’ने बोलवा.

मराठी मजकुरात या लेबलचं महत्त्व दुप्पट आहे. स्फिंक्सच्या पोटातलं डॉकयुटिल्स शीर्षकावरून अँकर (लिंक जिथे पोहोचते ती खूण) बनवताना फक्त साधी रोमन अक्षरं आणि अंक ठेवतं, बाकी सगळं टाकून देतं. ‘सर्व्हर सुरू करणे’ या शीर्षकातलं काहीच उरत नाही, म्हणून त्याला ‘आयडी 1’, पुढच्याला ‘आयडी 2’ असे क्रमांक मिळतात. मधे एक नवं शीर्षक घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. सपोर्ट टीमने ग्राहकांना पाठवलेल्या जुन्या लिंक आता शेजारच्याच विभागावर उघडतात. लिंक तुटत नाही, चुकीच्या जागी नेते, म्हणून कोणतीही लिंक-तपासणी हे पकडणार नाही. प्रत्येक मराठी शीर्षकाच्या वर रोमन लिपीतलं एक छोटं लेबल हाताने लिहा.

पीडीएफमधली देवनागरी

सर्वाधिक वेळ इथे जातो. स्फिंक्स आणि पॅनडॉक दोन्ही पीडीएफसाठी सहसा पीडीएफलेटेक हे लेटेकचं इंजिन वापरतात. देवनागरी अक्षर आलं की ‘हे युनिकोड अक्षर लेटेकमध्ये वापरण्यासाठी सेट केलेलं नाही’ अशा अर्थाची एरर येऊन बिल्ड थांबतो. उपाय माहितीचा आहे: इंजिन बदलून झीलेटेक घ्या. स्फिंक्समध्ये ते कॉन्फिगरेशनच्या ‘लेटेक इंजिन’ या सेटिंगमध्ये बदलतं, पॅनडॉकला कमांडवर सांगावं लागतं.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि पुढे फसतात. फॉन्ट दिला, पण त्याची स्क्रिप्ट (लिपी) देवनागरी आहे हे सांगितलं नाही, तर अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं सुटी पडतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते. मराठी न वाचणाऱ्या सहकाऱ्याला हे कळणारच नाही. स्फिंक्समध्ये ‘लेटेक एलिमेंट्स’मधल्या ‘फॉन्टपीकेजी’ या जागी मुख्य फॉन्ट नेमताना स्क्रिप्टचा पर्याय जरूर द्या. त्याच ओळीत भाषाही मराठी असं लिहा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपं वेगळी ठेवलेली आहेत, ती भाषा सांगितल्यावरच येतात. नाही तर मॅन्युअलभर हिंदी वळणाचा ‘ल’ छापला जातो. वेबवर हेच काम पानाच्या भाषेचा ‘एमआर’ हा कोड करतो.

दुसरा खड्डा आणखी फसवा. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर झीलेटेक थांबत नाही. लॉगमध्ये (बिल्डच्या नोंदींच्या फाइलमध्ये) ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी नोंद करतो आणि रिकामी जागा किंवा चौकोन सोडून पुढे जातो. कोडच्या तुकड्यात मराठी कमेंट असेल तर हे हमखास घडतं, कारण कोडचा मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची) फॉन्ट वेगळा असतो आणि त्यात बहुधा देवनागरी नसते. उलट, काही देवनागरी फॉन्टांत रोमन अक्षरं नसतात, मग मराठी वाक्यातली कमांडची नावंच उडतात. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात दोन्ही लिप्या आहेत, सुरुवातीला तो घ्यायला हरकत नाही. बिल्ड झाल्यावर लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ शोधा. एकही ओळ सापडली तर ती पीडीएफ कोणाला पाठवू नका.

‘माझ्या लॅपटॉपवर बरोबर येते, सर्व्हरवरच्या बिल्डमध्ये चौकोन येतात’ याचं कारण बहुतेक वेळा एकच: बिल्ड ज्यात चालतो त्या डॉकरच्या इमेजमध्ये (सिस्टिमच्या तयार साच्यात) फॉन्टच टाकलेला नसतो. लिनक्सवर ‘एफसी-लिस्ट’ ही कमांड मराठी भाषेचा कोड देऊन चालवली की मशिनवर मराठीला चालणारे कोणते फॉन्ट आहेत ते दिसतं. यादी रिकामी आली तर शोध तिथेच संपला.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. पीडीएफमध्ये देवनागरी दिसायला निर्दोष असली तरी तिथून कॉपी केलेला मजकूर अनेकदा विस्कटतो आणि शब्द शोधून सापडत नाही, कारण पीडीएफमध्ये अक्षरांपेक्षा त्यांच्या आकृत्या साठवलेल्या असतात. मराठी वाचकांना शोधता येणारं ऑफलाइन पुस्तक द्यायचं असेल तर पीडीएफसोबत ईपब द्याच.

बारीक आडव्या रेघा

इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्ये स्मार्टकोट्स ही सोय स्फिंक्समध्ये आपोआप चालू असते. साध्या वाक्यात कमांडचा पर्याय लिहिला आणि त्याच्या आधी दोन डॅश दिले, की त्यांची एक लांब रेघ होते. सरळ अवतरण चिन्हं वाकडी होतात. वाचक ती ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकतो आणि त्याला ‘असा पर्याय नाही’ असं उत्तर मिळतं. गंमत म्हणजे मॅन पेज आणि साधा मजकूर या बिल्डना यातून मुळातच वगळलेलं आहे, त्यामुळे तपासणाऱ्याने मॅन पेज पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं. इलाज एवढाच की कमांड, पर्याय, फाइलचं नाव यातलं काहीही असलं तरी ते ‘लिटरल’ म्हणून, म्हणजे जसंच्या तसं छापायचा मजकूर म्हणून, लिहायचं. पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्येही हाच ‘स्मार्ट’ प्रकार चालू असतो, तो बंद करता येतो.

आकृत्या आणि टेबलं

एसव्हीजी आकृती ब्राउझरला आवडते, लेटेकला ती समजत नाही. स्फिंक्समध्ये आकृतीच्या फाइलचं एक्स्टेंशन न देता तिथे तारा (*) टाकला, तर प्रत्येक बिल्डर आपल्याला चालणारा प्रकार उचलतो. अट एवढीच की शेजारी त्याच नावाची पीडीएफ किंवा पीएनजी ठेवलेली असली पाहिजे. फाइलच्या नावात रिकामी जागा आणि देवनागरी नको. हलती जीआयएफ असेल तर तिच्यातली महत्त्वाची पायरी शब्दांतही लिहा.

टेबलाची गोष्ट जरा हट्टी आहे. सात भरगच्च कॉलम ए-फोर पानावर सहसा मावत नाहीत. त्यातच एखाद्या कॉलममध्ये रिकामी जागा नसलेलं लांबलचक सेटिंगचं नाव असेल तर ते तुटत नाही, शेजारच्या कॉलमवर चढतं. आधी ‘विड्थ्स’ (कॉलमच्या रुंदी) देऊन पाहा. नाही जमलं तर ते टेबल मोडा आणि प्रत्येक सेटिंगचं नाव, खाली अर्थ, अशी यादी करा. मोबाइलवर वाचणाराही दुवा देईल. टेबल 30 ओळींपेक्षा मोठं झालं की स्फिंक्स ते पानांवर तुटू देणारं लाँगटेबल करतो. त्याहून लहान टेबल पानाच्या तळाशी अडकत असेल तर लाँगटेबलचा क्लास हाताने द्या.

यादीत यादी, तिच्यात आणखी यादी असं करत गेलात तर लेटेक ‘टू डीपली नेस्टेड’ म्हणून हात वर करतो. त्याची मूळ मर्यादा एकूण सहा पातळ्यांची आहे, त्यातही बुलेटच्या चार आणि क्रमांकांच्या चार. ‘मॅक्सलिस्टडेप्थ’ने ती वाढवता येते. पण पाच पातळ्या खाली जाणारी सूचना कोणी पाळू शकेल का, हा प्रश्न आधी विचारा.

वर्डची फाइल

सरकारी निविदा आणि बँका वर्डची फाइल मागतात, तिथे पॅनडॉक कामी येतो. ‘रेफरन्स डॉक’ म्हणून दिलेल्या फाइलमधल्या स्टाइल आणि समास, हेडर-फूटर अशी पानाची मांडणी घेतली जाते, आतला मजकूर नाही. अनेक जण तिच्यात मुखपृष्ठ टाइप करून ते आलं नाही म्हणून शोधत बसतात. देवनागरीसाठी स्टाइलच्या फॉन्ट खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा रकाना असतो, फॉन्ट आणि आकार तिथेही भरावा लागतो. वरच्या लॅटिन रकान्यातला बदल देवनागरीला लागू होत नाही.

आणि त्या वर्ड फाइलमध्ये कोणी ‘फक्त एक शब्द’ हाताने दुरुस्त केला, तर तो पुढच्या बिल्डमध्ये पुसला जाणार. दुरुस्ती मूळ मजकुरात होईपर्यंत ती झाली असं समजू नका.

बिल्ड अडला तर

लेटेकचा लॉग भीती वाटेल इतका लांब असतो. शेवटून वाचू नका. उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा, बाकीच्या एरर बहुधा तिचीच पिल्लं असतात. तिच्याखाली छोट्या एलपुढे दिलेला क्रमांक तयार झालेल्या टेक (लेटेकच्या) फाइलमधला आहे, तुमच्या मजकुरातला नव्हे. टेक फाइलची ती ओळ उघडली की आजूबाजूचे शब्द ओळखीचे निघतात, त्यावरून मूळ फाइल कळते. पीडीएफमध्ये संदर्भाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसत असतील तर लेटेक एकदाच चालवलं गेलं आहे. लेटेकएमके हा मदतनीस प्रोग्राम लागेल तितक्या फेऱ्या स्वतः मारतो, ‘मेक लेटेकपीडीएफ’ त्यालाच बोलावतं. तरीही काही सापडत नसेल तर टॉकट्रीतली अर्धी प्रकरणं तात्पुरती काढून बिल्ड करा, मग उरलेल्यातली अर्धी. ईपब ‘ईपबचेक’ या तपासणीच्या टूलमधून काढा, लिंकसाठी ‘लिंकचेक’ बिल्डर चालवा. हे सगळे बिल्ड रिलीजच्या आदल्या रात्री करण्याऐवजी प्रत्येक मर्जवर (बदल मूळ मजकुरात मिसळताना) चालू द्या. म्हणजे बिघाड कोणत्या बदलाने झाला ते शोधायला एकच डिफ (काय बदललं त्याची नोंद) वाचावा लागतो.