डाळिंबाचा मृग बहार धरायचाय? आधी खाली बसून खोड बघा

गेल्या साली मृगाला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला धरतात त्या बहाराला, ताण (बागेचं पाणी तोडणं), छाटणी, पानगळ, शेणखत सगळं टायमात केलं, तरी ऐन बहारात भगवा जातीच्या डाळिंबाची चाळीस झाडं वाळली, कारण खोड बघितलं नव्हतं. म्हणून लिहितोय. माती तपासणी, ड्रीप फ्लश करणं सगळ्यांना येतंय, ते सोडतो.

तर खोड. उभ्या उभ्या नाही, गुडघे टेकून, बुडातलं गवत नि फुटवे काढून जमिनीपासून दोन फूट चारी बाजूनं बघायचं. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि खाली बारीक भुसा दिसला की पिन होल बोरर, म्हणजे खोड पोखरणारा भुंगेरा, आलाय समजा. सांगोल्याकडं ह्यानंच बागाच्या बागा काढायला लावल्या. भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, बरं लाकूड खातच नाही, आत बोगदे पाडून बुरशी वाढवतोय, पिल्लं ती बुरशी खातात आणि झाडाचा पाणी वर न्यायचा रस्ताच चोंदतोय. खाली ड्रीप चालू, वर शेंडा सुकलेला, नवी फूट नाही, एकच फांदी पिवळी. मी म्हटलं पाणी कमी पडतंय, वाढवलं, आणि अजून वाटोळं झालं. कमजोर झालेल्या, त्यातही मुळात पाणी साचलेल्या झाडातून अल्कोहोल सुटतं आणि भुंगेरा त्याच वासानं येतोय. म्हणजे आवतन मीच दिलं.

म्हणून ताणाच्या आधी खोड बघा, ताणात परत बघा, पहिलं पाणी सोडताना परत. गेरूत कीटकनाशक नि कॉपर ऑक्सिक्लोराईड कालवून खोडाला लेप द्या, डोस सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा, दुकानदाराला नको. नुसतं पानावर फवारून उपयोग नाही, किडा लाकडात बसलाय. पावसानं लेप धुतला की परत लावा, कंटाळा करू नका, मी केला होता.

मेलेलं झाड मुळासकट काढून लगेच जाळा. सरपण म्हणून बांधावर रचलं ना, महिन्यात शेजारच्या ओळीला भोकं. आमची बायको तेव्हाच म्हणत होती जाळा म्हणून, असो.

छाटणीची कात्री झाडागणिक जंतुनाशकात बुडवून घ्या, तेल्या (जिवाणूचा रोग) आहे. पानगळीनंतर खत, पहिलं पाणी हलकं. कळीला फुलकिडे, फळाला सुरसा म्हणजे फळ पोखरणारी अळी, त्याचं शेड्यूल सगळ्यांकडं असतंय.

आणि खोड. आज संध्याकाळी जाऊन दहा झाडं तरी बघून या.