शहाबादीवरचे तेलाचे डाग

आमच्या जुन्या गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा काळा ठिपका पडायचा. पार्किंगला शहाबादी फरशी, आणि ती तेल पिते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा टोकल्यावर हातात ब्रश घेतला.

पहिली चूक म्हणजे पाणी ओतलं. डाग हातभर पसरला. कुणीतरी ॲसिड सुचवलं, पण शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड तोच खातं. मग वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा आणला, ताज्या तेलावर पसरून रात्रभर ठेवला. सकाळी झाडून काढला, धुण्याच्या पावडरीचा घट्ट लगदा डागावर थापला, अर्ध्या तासाने कडक ब्रशने घासला. असं तीनदा केलं. जुना डाग फिकट झाला, गेला नाही. तेलकट भुशाचा ढीग मात्र घरात ठेवू नका, ठिणगी पडली तर तो पेटू शकतो.

खरी मेख गाडीखाली होती. इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवला, रात्रीत थेंब नेमका कुठे पडतो ते कळलं: ऑइल काढायच्या बोल्टखाली. मेकॅनिकने उघडून दाखवलं, वॉशर चपटा झालेला. दर सर्व्हिसिंगला तोच परत बसवत होते! नवा वॉशर चहा-वड्याच्या पैशात आला.

तरी खाली पत्र्याचा जुना ट्रे ठेवलाय, आत थोडा भुसा. गेल्या महिन्यात त्यात फक्त मांजर झोपलेलं सापडलं.