वाइन चाखताना आधी नाक, मग जीभ

एका बैठकीत चार-पाच वाइन चाखायच्या असतील तर क्रम पाळा: हलकी आधी, भारदस्त नंतर; कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आधी, गोड शेवटी. गोडानंतर घेतलेली कोरडी वाइन उगाच आंबट लागते आणि तिच्यावर अन्याय होतो.

ग्लास एक-तृतीयांशच भरा, म्हणजे वाइन गोल फिरवायला जागा राहते. फिरवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा वास घ्या. या दोन वासांतला फरक मला चवीपेक्षाही जास्त सांगून जातो. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर तो भास समजू नका. दोन्हींत पायराझिन गटातली, तो वास देणारी संयुगं खरोखरच असतात. घोट तोंडात घोळवल्यावर हिरड्या कोरड्या पडल्या तर ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य; तोंडाला पाणी सुटलं तर आम्लता.

पांढरी साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला, लाल १५ ते १८ला. फार गार वाइनचा वास दबतो, तेव्हा ग्लास थोडा वेळ तळहातात धरा.

चाखलेला घोट थुंकायला संकोच नको, नाहीतर चौथ्या ग्लासाला सगळंच छान वाटू लागतं. आणि शेजारच्याचं मत ऐकण्याआधी आपले दोन शब्द लिहून ठेवा.